मणामागे अडीच रुपये : मीठकर आणि करभाराच्या न्यायाचा प्रश्न

राज्याकडे कर दोन वाटांनी येतो. माणसाची मिळकत किंवा मालमत्ता पाहून जो आकारला जातो तो प्रत्यक्ष कर, आणि माणूस जी वस्तू विकत घेतो त्या वस्तूच्या किमतीत मिसळून जो वसूल होतो तो अप्रत्यक्ष किंवा उपभोग कर. दुसऱ्या प्रकारात कर भरणारा सरकारदफ्तरी दिसत नाही. उत्पादक किंवा व्यापारी कर भरून मोकळा होतो आणि त्याचा भार हळूहळू खाली उतरत शेवटच्या गिऱ्हाइकावर येऊन थांबतो. असा कर न्याय्य आहे की नाही हे मुख्यतः वस्तूच्या स्वरूपावर ठरते. रेशीम महागले तर ते नेसणे टाळता येते. परंतु धान्य, मीठ, औषध यांच्या बाबतीत ती मुभा नसते, आणि श्रीमंताच्या घरी दरडोई मीठ गरिबाच्या दसपट लागत नसल्यामुळे दोघांनी भरलेला कर रकमेने जवळजवळ सारखा, पण मिळकतीच्या प्रमाणात कमालीचा विषम ठरतो. मिळकत जसजशी घटते तसतसा जो कर प्रमाणाने वाढत जातो त्याला अर्थशास्त्रात प्रतिगामी कर म्हणतात. भारतात ब्रिटिश अमदानीत मिठावर बसलेला कर हे अशा कराचे सर्वांत दीर्घकाळ चाललेले आणि सर्वांत तपशीलवार नोंदलेले उदाहरण आहे. हा कर केव्हा चढला आणि केव्हा उतरला हे पाहताना त्याच सुमारास दुसरा कोणता कर रद्द झाला किंवा बसवला गेला हेही पाहिले, तर करभार कोणी उचलायचा हे ठरवण्याच्या जागी कोण बसले होते ते दर वेळी स्पष्ट होते.

मिठावर जकात घेण्याची रीत ब्रिटिशांनी आणली असे म्हणता येणार नाही. मुघल आणि मराठे या दोन्ही राजवटींत मीठ वाहून नेणाऱ्यांकडून ठिकठिकाणी जकात घेतली जात असे. शिवाजी महाराजांचे १६७१ चे कुडाळच्या नरहरी आनंदरावांना लिहिलेले पत्र याच विषयावरचे आहे. पोर्तुगिजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडत असल्यामुळे व्यापारी तिकडे वळतील आणि संगमेश्वराकडील मिठाचा उदीम बुडेल, म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्या आज्ञेचा आशय आहे. तिचा हेतू आपल्या मुलखातील उत्पादकाला संरक्षण देण्याचा होता. ईस्ट इंडिया कंपनीने बंगालमध्ये जे केले ते प्रकारानेच वेगळे होते. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये मिठाचे उत्पादन कंपनीच्या नियंत्रणाखाली आणले आणि १७८० पासून एजन्सीची पद्धत सुरू केली. तिच्यानुसार मलंगी म्हणजे मीठ पिकवणाऱ्या कारागिरांनी आपले सर्व मीठ कंपनीच्या एजंटाला ठरीव भावाने द्यायचे आणि कंपनीने ते कितीतरी चढ्या भावाने व्यापाऱ्यांना विकायचे. करवसुली आणि मक्तेदारीचा नफा यांतील सीमारेषा येथे पुसली गेली. पुढे इंग्लंडमधील चेशायरचे मीठ लिव्हरपूलहून जहाजांनी कलकत्त्यास येऊ लागले आणि १८६३ पर्यंत बंगालमधील सरकारी मीठउत्पादन बंदच पडले. इंग्लंडने आपल्या देशातील मीठकर मात्र १८२५ मध्येच रद्द केला होता.

मुंबई इलाख्यात मीठकराला निश्चित रूप आले ते १८३७ च्या कायद्याने. देशांतर्गत मालवाहतुकीवरील जकाती काढून टाकल्याने आलेली तूट भरून काढण्यासाठी दर मणाला ८ आणे अबकारी, म्हणजे उत्पादनाच्या जागीच घ्यावयाचा कर, मिठावर बसवण्यात आला. (येथे मण म्हणजे ८२ पौंडांहून किंचित अधिक, आजच्या मापाने सुमारे ३७ किलो.) व्यापारावरील अडथळे दूर झाले ही सुधारणाच होती, पण तिची किंमत ज्यांचा त्या व्यापाराशी फारसा संबंध नव्हता अशांकडून घेतली गेली. सात वर्षांनी, १८४४ मध्ये, हा दर एकदम १ रुपया करण्यात आला, तेव्हा सुरतेच्या लोकांनी ऑगस्टच्या अखेरीस दुकाने बंद ठेवून रस्त्यावर येऊन विरोध केला, आणि सरकारला वाढीतील ४ आणे मागे घ्यावे लागले. मिठावरून लोकांनी सरकारला माघार घ्यायला लावल्याची ही घटना १९३० च्या दांडी सत्याग्रहाच्या ८६ वर्षे आधीची असूनही तिची आठवण फार थोड्यांना असते.

प्रत्येक इलाख्यात दर निराळा असल्यामुळे आणि संस्थानांच्या हद्दीत मीठ स्वस्त असल्यामुळे चोरटी वाहतूक अटळ होती, आणि ती रोखण्यासाठी उत्तर व मध्य भारतात उभारलेली अंतर्गत जकातीची सीमा हा जगाच्या करइतिहासातील एक विलक्षण प्रकार आहे. १८७० च्या सुमारास ही सीमा सिंधूपासून महानदीच्या खोऱ्यापर्यंत सुमारे २,३०० मैल पसरलेली होती, आग्रा, झाशी, बऱ्हाणपूर या बाजूने ती जात होती आणि तिच्यावर १२,००० च्या आसपास माणसे पहारा देत होती. पुष्कळ अंतरापर्यंत तिच्यावर बाभूळ, बोर, करवंद, निवडुंग अशा काटेरी झाडांचे कुंपण वाढवलेले होते, आणि जेथे झाडे जगत नसत तेथे वाळक्या काट्यांची किंवा दगडांची भिंत घातलेली होती. या कुंपणाची वाढ ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या जकात आयुक्तांत अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे १८६७ ते १८७० या काळात होते. हेच ह्यूम पुढे १८८५ मध्ये मुंबईत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या (काँग्रेसच्या) पहिल्या अधिवेशनाचे प्रवर्तक ठरले. एका बाजूला खाण्याचे मीठ स्वस्त आणि काही हात अंतरावर, काट्यांच्या पलीकडे, तेच कित्येक पटींनी महाग, अशी स्थिती निर्माण करूनच हा कर उभा राहू शकत होता. ज्यांनी ही व्यवस्था मोडली त्या जॉन स्ट्रेचींनीच पुढे तिचे वर्णन सुसंस्कृत देशात तोड सापडणार नाही अशी राक्षसी पद्धत या शब्दांच्या जवळपास जाणाऱ्या भाषेत केले आहे. सांभर सरोवर जयपूर आणि जोधपूर संस्थानांकडून भाडेपट्ट्याने घेऊन आणि दर एकमेकांजवळ आणून १८७९ च्या एप्रिलपासून ही सीमा उठवण्यात आली.

सीमा उठवण्याची किंमत मात्र दख्खनने आणि मद्रासने दिली. दर सारखे करायचे तर उत्तरेकडील उतरवावे आणि दक्षिण-पश्चिमेकडील चढवावे, असा मार्ग स्वीकारला गेला आणि त्यानुसार १८७७ च्या अखेरीस मुंबई व मद्रास या इलाख्यांतील दर मणाला १ रुपया १३ आण्यांवरून २ रुपये ८ आणे झाला. त्या वेळी सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी हे जिल्हे १८७६ पासून चालू असलेल्या भीषण दुष्काळातून जात होते, लाखो माणसे सरकारी कामांवर अपुऱ्या मजुरीत खडी फोडत होती आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेचे कार्यकर्ते गावोगावची हलाखी नोंदवून सरकारकडे पाठवीत होते. अशा वर्षी ज्या दोन इलाख्यांत माणसे उपाशी मरत होती त्याच इलाख्यांत मीठ महाग करण्याचा निर्णय झाला. लगेच पुढे, मार्च १८७९ मध्ये, व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी आपल्या कार्यकारी मंडळातील बहुमत बाजूला सारून मँचेस्टरच्या जाड्याभरड्या कापडावरील आयात जकात उठवली, आणि १८८२ मध्ये कापडावरील उरलेली जकातही गेली. लँकेशायरच्या गिरणीमालकांना पार्लमेंटात प्रतिनिधी होते, सोलापूरच्या शेतमजुराला कोठेच नव्हता.

या धोरणाला तात्त्विक आधारही देण्यात आलेला होता आणि तो तितक्याच गांभीर्याने समजून घेणे आवश्यक आहे. भारतमंत्री ड्यूक ऑफ आर्गाइल यांनी १८६९ च्या खलित्यात मांडलेला युक्तिवाद असा होता की, कोणत्याही देशात बहुसंख्य जनतेपर्यंत प्रत्यक्ष करांनी पोचता येत नाही. राज्याच्या खर्चाला तिचा हातभार हवा असेल तर सर्व जण वापरतात अशाच एखाद्या वस्तूवर कर बसवला पाहिजे, आणि मीठ ही अशी वस्तू असल्याने तिच्यावरील कर सर्वथा रास्त आहे. मिठाचा पुरवठा मुबलक आणि स्वस्त असावा असेही त्यांचे म्हणणे होते, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. परंतु या युक्तिवादात जे गृहीत धरले होते ते खरे नव्हते. शेतसारा, जंगलावरील निर्बंध आणि शुल्क, ताडी-दारूवरील अबकारी, मुद्रांक या सर्वांचा भार गरीब रयत आधीच सोशीत होती. तिच्याकडून राज्याला काही मिळत नाही ही समजूत केवळ प्रत्यक्ष कराच्या यादीत तिचे नाव नाही यावर आधारलेली होती. ज्यांची नावे त्या यादीत येऊ शकत होती त्यांच्याबाबत तर सरकारचा हात वारंवार आखडत राहिला. सत्तावनच्या उठावानंतरची तूट भरण्यासाठी जेम्स विल्सन यांनी १८६० मध्ये आणलेला प्राप्तिकर १८६५ मध्ये संपला, १८६९ मध्ये परत आला, १८७३ मध्ये पुन्हा रद्द झाला, आणि कायमचा असा बसला तो १८८६ मध्ये. प्राप्तिकर देणारे लोक, म्हणजे युरोपीय अधिकारी व व्यापारी आणि शहरांतील सुखवस्तू हिंदी लोक, इंग्रजी वर्तमानपत्रांतून आणि चेंबर ऑफ कॉमर्समधून बोलू शकत होते. मिठाच्या गिऱ्हाइकाला आपण कर देतो हे जाणवतही नव्हते, आणि नेमका हाच गुण अर्थखात्याला सोयीचा वाटत होता.

करभाराचे प्रत्यक्ष माप कसे होते ते साध्या गणिताने कळते. पाच माणसांचे कुटुंब वर्षाला प्रत्येकी १० पौंड म्हणजे एकूण ५० पौंड मीठ खात असेल, तर अडीच रुपयांच्या दराने त्यातील कराचा भाग सुमारे दीड रुपया होतो. दिवसाला दोन आणे मिळवणाऱ्या मजुराची ती १२ दिवसांची कमाई झाली. महिना पाचशे रुपये पगाराच्या अधिकाऱ्याच्या कुटुंबानेही जवळजवळ तेवढाच दीड रुपया भरला, आणि त्याला तो तासाभराहूनही कमी कामाइतका पडला. शेतकऱ्याच्या बाबतीत या हिशेबात जनावरांच्या मिठाची भर पडते. बैलाला आणि दुभत्या जनावराला मीठ घालणे परवडेनासे झाले की त्याचा परिणाम शेतीच्या ताकदीवर होतो. घाम गाळणाऱ्या शरीरातून मीठ सतत बाहेर पडते आणि पटकी, हगवण यांसारख्या रोगांत ते झपाट्याने कमी होते, त्यामुळे उन्हात राबणाऱ्याला आणि आजाऱ्याला त्याची गरज इतरांहून जास्त असते. मिठावरील कर हा अशा रीतीने अन्नावरचा होता तितकाच आरोग्यावरचाही होता. वैद्यकशास्त्राच्या त्या काळच्या मतानुसार प्रकृती सुदृढ राहण्यास माणशी वर्षाला २० पौंड मीठ लागते आणि हिंदुस्थानातील सरासरी वापर त्याच्या निम्म्याच्या आसपास आहे, या मुद्द्यावर गोपाळ कृष्ण गोखले यांनी जो भर दिला तो याच कारणाने.

कोकण किनाऱ्यावर या कराचे स्वरूप आणखी निराळे होते, कारण तेथे माणसे मीठ केवळ खात नव्हती, पिकवत होती. उरण, पेण, पनवेल, ठाणे, वसई या टापूंतील आगरी समाजाने खाजणात बांध घालून, भरतीचे पाणी आत घेऊन, ते उन्हात आटवून मीठ काढण्याची कला पिढ्यान्‌पिढ्या जपली होती. १८७३ च्या आणि नंतर १८९० च्या मुंबई मीठ कायद्याने परवाना नसलेले मिठागर चालवणे, खारी माती धुऊन मीठ काढणे, इतकेच काय तर निसर्गतः साचलेले मीठ उचलून नेणे हाही गुन्हा ठरला. लहान, विखुरलेली मिठागरे देखरेखीला अवघड म्हणून बंद करण्यात आली, आणि कच्छच्या रणाच्या कडेला खाराघोडा येथे सरकारी उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. वेशीवर समुद्र असूनही कोळणीला मासे खारवण्यासाठी कर भरलेले मीठ विकत घ्यावे लागू लागले, तेव्हा सुकी मासळी महागली, अपुऱ्या मिठात घातलेली मासळी नासू लागली, आणि शेवटी ठरावीक आवारांत सरकारी देखरेखीखाली कर न घेता किंवा नाममात्र घेऊन मीठ पुरवण्याची सवलत द्यावी लागली. मीठकराचा फटका दुसऱ्या एका अन्नालाही बसतो हे सरकारने या सवलतीने मान्यच केले होते.

गोव्याला तर दुसऱ्या राज्याचा कर सोसावा लागला. पोर्तुगीज हद्दीतील आगरांचे स्वस्त मीठ घाट चढून आणि खाड्या ओलांडून ब्रिटिश मुलखात येत असे. ते थांबवण्यासाठी ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात २६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बन येथे करार झाला आणि जानेवारी १८८० मध्ये तो अमलात आला. त्यानुसार गोव्यातील मीठ व अबकारी यांचे नियंत्रण ब्रिटिश यंत्रणेकडे गेले, पोर्तुगीज सरकारला त्याबद्दल दर वर्षी ४ लाख रुपये मिळू लागले, आणि त्याच कराराच्या पोटी मुरगाव बंदर व तेथून घाटावर जाणारा लोहमार्ग यांना चालना मिळाली. राज्याच्या तिजोरीला रोख रक्कम आणि बंदर मिळाले. बारदेश, तिसवाडी, सासष्टी येथील मिठागरांत राबणाऱ्यांना आणि शेजारच्या गिऱ्हाइकांना महागाई, झडत्या आणि बंद पडलेली आगरे मिळाली. लोकांत इतका असंतोष माजला की बारा वर्षांची मुदत संपताच, १८९२ मध्ये, करार संपुष्टात आला. गोव्याच्या अर्थव्यवस्थेच्या इतिहासात या बारा वर्षांकडे रेल्वेच्या संदर्भातच पाहिले जाते, त्या रेल्वेची किंमत मीठ पिकवणाऱ्यांनी आणि खाणाऱ्यांनी दिली ही बाजू मागे पडते.

व्हाइसरॉय रिपन यांच्या काळात, १८८२ मध्ये, अर्थमंत्री एव्हलिन बेअरिंग यांनी देशभर दर २ रुपयांवर आणला, पण उत्तर ब्रह्मदेश जिंकण्याचा खर्च आणि रुपयाचा घसरता विनिमयदर यांमुळे १८८८ मध्ये डफरिन सरकारने तो पुन्हा अडीच रुपये केला. एका परक्या राज्यावरील स्वारीचा भुर्दंड अशा रीतीने दख्खनमधील शेतमजुराच्या भाकरीपर्यंत येऊन पोचला. या वाढीविरुद्ध १८९० च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातील चोवीस वर्षांच्या गोखल्यांनी जे भाषण केले ते त्यांच्या सार्वजनिक जीवनातील आरंभीच्या भाषणांपैकी एक होय, आणि हा विषय त्यांनी पुढे सतरा वर्षे सोडला नाही. मार्च १९०२ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात केलेल्या पहिल्याच अर्थसंकल्पीय भाषणात त्यांनी या प्रश्नाला जी मांडणी दिली ती करन्यायाच्या चर्चेत आजही आदर्श ठरावी अशी आहे. सरकार सलग काही वर्षे कोट्यवधींची शिल्लक दाखवीत होते. गोखल्यांनी दाखवून दिले की ही शिल्लक देशाच्या भरभराटीतून आलेली नाही. रुपयाचा विनिमयदर कृत्रिम उपायांनी चढवल्यामुळे सरकारचा विलायती देण्यांचा बोजा हलका झाला, पण तो बोजा जड असताना वाढवलेले कर मात्र तसेच चालू राहिले, आणि हे सर्व १८९६-९७ व १८९९-१९०० या दोन भयंकर दुष्काळांच्या काळात घडले. दुष्काळाने पिचलेल्या लोकांकडून गरजेहून अधिक कर घेऊन त्या अधिकाला समृद्धी म्हणणे त्यांना मान्य नव्हते. सरकारच्याच आकड्यांनी सरकारचे म्हणणे खोडून काढण्याची ही पद्धत गोखल्यांनी आपले गुरू गणेश व्यंकटेश जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून आत्मसात केली होती.

१९०३ मध्ये कर्झन सरकारने दर २ रुपये केला, १९०५ मध्ये दीड, आणि कर्झन गेल्यानंतर १९०७ मध्ये तो १ रुपयावर आला. याच क्रमातील १९०३ च्या अर्थसंकल्पाने प्राप्तिकराची सूट वर्षाला ५०० रुपयांवरून १,००० रुपयांवर नेली. म्हणजे खालच्या मध्यमवर्गाला आणि गरिबाला एकाच वेळी दिलासा मिळाला, ही या इतिहासातील विरळ घटना म्हटली पाहिजे. दर उतरताच मिठाचा खप वाढला. हा परिणाम फार महत्त्वाचा आहे, कारण मीठ ही अशी वस्तू आहे की दर कितीही बदलला तरी तिचा खप बदलत नाही, असा कराच्या समर्थकांचा दावा होता. खप वाढला याचा अर्थ, आधी माणसे आणि जनावरे पुरेसे मीठ खात नव्हती. आकडेवारीने सिद्ध झालेली ही उपासमार होती, जी कोणत्याही दुष्काळाच्या नोंदीत आली नव्हती.

पहिल्या महायुद्धात, १९१६ मध्ये, दर १ रुपया ४ आणे झाला. १९२३ मध्ये अर्थमंत्री बेसिल ब्लॅकेट यांनी तूट भरून काढण्यासाठी तो दुप्पट करण्याचा प्रस्ताव आणला. निवडून आलेल्या सदस्यांचे बहुमत असलेल्या मध्यवर्ती कायदेमंडळाने तो फेटाळला, आणि व्हाइसरॉय रेडिंग यांनी आपल्या खास अधिकारात तो प्रमाणित करून अमलात आणला. लोकप्रतिनिधींनी नाकारलेला कर लोकांच्या जेवणावर लादला गेल्यामुळे मीठकराचा प्रश्न अर्थकारणातून सरळ राज्याधिकाराच्या प्रश्नात शिरला. पुढच्याच वर्षी जुना दर परत आला, तरी १९२३ चा अनुभव विसरला गेला नाही.

म्हणूनच १९३० मध्ये महात्मा गांधींनी कायदेभंगासाठी मीठ निवडले तेव्हा अनेक नेत्यांना वाटलेली शंका, की डोई वर्षाला सुमारे ३ आणे पडणाऱ्या करावर एवढे मोठे आंदोलन कसे उभे राहील, फोल ठरली. गांधींच्या मनात हा विषय जुना होता. १८९१ मध्ये लंडनमध्ये विद्यार्थी असताना ‘द व्हेजिटेरियन’ या पत्रातील लेखात त्यांनी मिठावरील जबर कराचा उल्लेख केला होता. व्हाइसरॉय आयर्विन यांना २ मार्च १९३० रोजी लिहिलेल्या पत्रात त्यांनी व्हाइसरॉयचा महिना २१,००० रुपयांचा पगार आणि सामान्य हिंदी माणसाची दिवसाला दोन आण्यांहूनही कमी मिळकत शेजारी शेजारी ठेवली. कराची रक्कम किती हा प्रश्न त्यांनी कर कोणाच्या मिळकतीतून कोणाच्या खर्चासाठी जातो या प्रश्नाशी जोडला, आणि ३ आण्यांचा आक्षेप तेथेच निकालात निघाला.

महाराष्ट्रात या लढ्याचे जे रूप दिसले त्यात भूगोलाचा वाटा मोठा होता. विलेपार्ले येथे छावणी उभी राहिली, मे महिन्यात शिरोड्याच्या मिठागरांवर महाराष्ट्राच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या सत्याग्रहींनी लाठ्या खात मीठ उचलले, आणि मुंबईत वडाळ्याच्या मिठागरांवर १ जून रोजी सुमारे १५,००० लोक चालून गेले. समुद्रापासून शेकडो मैल दूर असलेल्या वऱ्हाडात अकोला जिल्ह्यातील दहीहांडा येथे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातील खाऱ्या विहिरींचे पाणी आटवून मीठ तयार करण्यात आले. पूर्वी या पट्ट्यात असे मीठ निघत असे, आणि कायद्याने ते बंद पडले होते. त्यामुळे दहीहांड्याचा सत्याग्रह हा समुद्रकाठच्या कृतीचे अनुकरण नव्हता, तेथील लोक आपलाच बुडालेला धंदा काही दिवसांपुरता पुन्हा चालवीत होते.

मार्च १९३१ च्या गांधी-आयर्विन कराराने कर रद्द झाला नाही. जेथे मीठ नैसर्गिकरीत्या मिळते तेथील रहिवाशांना घरगुती वापरासाठी व गावातल्या गावात विकण्यासाठी ते गोळा करण्याची किंवा पिकवण्याची मुभा तेवढी मिळाली. त्याच वर्षाच्या अखेरीस जागतिक मंदीमुळे आणलेल्या पूरक अर्थसंकल्पात इतर करांबरोबर मिठावरही २५ टक्के अधिभार, म्हणजे मूळ कराच्या वर घेतलेला कर, बसला आणि दर १ रुपया ९ आणे झाला. देशातील सर्वांत मोठ्या करविरोधी लढ्यानंतर काही महिन्यांतच तो कर वाढला, ही गोष्ट सत्याग्रहाच्या गौरवकथांत सहसा सांगितली जात नाही, पण सांगितली पाहिजे.

कर गेला तो २८ फेब्रुवारी १९४७ रोजी हंगामी सरकारचे अर्थमंत्री लियाकत अली खान यांनी मांडलेल्या अर्थसंकल्पाने, आणि १ एप्रिलपासून त्याची अंमलबजावणी झाली. या अर्थसंकल्पाचा उरलेला भाग करन्यायाच्या दृष्टीने तितकाच बोलका आहे. मिठाचे उत्पन्न सोडताना लियाकत अलींनी १ लाख रुपयांवरील व्यापारी नफ्यावर २५ टक्के खास कर आणि भांडवली लाभावर, म्हणजे मालमत्ता विकून झालेल्या फायद्यावर, कर सुचवला. दीडशेहून अधिक वर्षे गरिबाच्या ताटातून काढलेली रक्कम युद्धकाळात गब्बर झालेल्यांच्या वहीतून घेण्याचा हा प्रयत्न होता. शेअर बाजारांत खळबळ माजली, उद्योगपतींनी तक्रारींचा धडाका लावला, त्यामागे हिंदू भांडवलदारांना खच्ची करण्याचा डाव असल्याचे आरोप झाले, आणि शेवटी व्यापारी नफ्यावरील कर १६ २/३ टक्क्यांपर्यंत खाली आणावा लागला. लियाकत अलींच्या राजकीय हेतूंविषयी शंका घेण्यास जागा असेल. पण मीठकर काढायचा तर तो भार उचलायला दुसरे कोणी पुढे आणावे लागते, हे त्यांनी कागदावर मांडून दाखवले, आणि ज्यांना पुढे आणले त्यांची ताकद केवढी आहे हेही लगेच दिसून आले.

संविधानाने हा प्रश्न एका वेगळ्या कलमात हाताळला. मूळ अनुच्छेद २८६ च्या तिसऱ्या खंडानुसार, समाजाच्या जीवनास आवश्यक म्हणून संसदेने जाहीर केलेल्या वस्तूंच्या विक्रीवर एखाद्या राज्याने कर बसवला, तर तो कायदा राष्ट्रपतींच्या संमतीशिवाय परिणामकारक होणार नव्हता. विक्रीकर हा राज्यांच्या उत्पन्नाचा मुख्य आधार बनत असताना जीवनावश्यक वस्तूंभोवती घातलेले ते रिंगण होते. १९५६ च्या सहाव्या घटनादुरुस्तीने ते काढले आणि त्या जागी आंतरराज्य व्यापारात विशेष महत्त्व असलेल्या वस्तू हा निकष आणला. कोणत्या वस्तूंना करापासून जपायचे याची कसोटी गिऱ्हाइकाच्या गरजेवरून व्यापाराच्या सोयीवर गेली, आणि या बदलावर म्हणावी तशी चर्चा झाली नाही.

१ जुलै २०१७ पासून लागू झालेल्या वस्तू व सेवा करात मीठ शून्य दरात आहे आणि रुग्णालयांच्या आरोग्यसेवेला सूट आहे. मात्र सूट आणि शून्य परिणाम या एकच गोष्टी नाहीत. ज्या सेवेला सूट असते ती देणाऱ्याला आपण खरेदी केलेल्या यंत्रांवर, साहित्यावर आणि इतर सेवांवर भरलेला कर वजावट म्हणून परत मिळवता येत नाही. तो रुग्णालयाच्या खर्चात मिसळतो आणि रुग्णाच्या बिलात दरांच्या रूपाने उतरतो, तेथे त्याची वेगळी ओळ नसते. सॅनिटरी नॅपकिनवर १२ टक्के कर होता, तो जुलै २०१८ मध्ये स्त्रियांच्या संघटनांनी वर्षभर रेटा लावल्यानंतर शून्य झाला. जुलै २०२२ मध्ये अतिदक्षता विभाग वगळता दिवसाला ५,००० रुपयांहून अधिक भाड्याच्या रुग्णालयातील खोलीवर ५ टक्के कर आला, आणि आधी भरलेल्या कराच्या वजावटीची सोय त्याला दिली गेली नाही. त्याच दिवसापासून वेष्टनबंद, नाव छापलेल्या तांदूळ, गहू, पीठ, दही यांवरही ५ टक्के कर सुरू झाला, तेव्हा छोट्या दुकानातून २५ किलोपर्यंतची पिशवी घेणारे गिऱ्हाईक त्याच्या कक्षेत आले आणि मोठे पोते घेणारे बाहेर राहिले. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्तिगत आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर शून्यावर आणण्यात आला, बहुतेक औषधे १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आली आणि ३३ जीवरक्षक औषधे करमुक्त झाली. विमा कंपन्यांची वजावट त्याच निर्णयाने गेली, त्यामुळे हप्ता प्रत्यक्षात किती उतरतो हे कंपनी आपला तो भार कोणावर ढकलते यावर अवलंबून राहिले.